‘शांतता राखा’ची पाटी आणि अडलेलं न्यूमेरिकल

पाच किलोचा एक ठोकळा तीस अंशांच्या उतारावर ठेवला आहे. घर्षणांक ०.२. गुरुत्वत्वरण १० धरा. ठोकळा किती त्वरणाने खाली घसरेल?

एफवाय बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरच्या फिजिक्समध्ये असतं तसलं हे न्यूमेरिकल. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलंय ३.२७. आमच्या वस्तीतल्या एका पोराचं उत्तर येत होतं ३. त्याने ते सहा वेळा सोडवलं, वहीची तीन पानं भरली, आणि सहाही वेळा उत्तर आलं ३. शेवटी वर्गातल्या कुणाच्या तरी वहीचा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला. त्याने तो उतरवून काढला आणि असाइनमेंट सबमिट केली. दहापैकी नऊ मार्क मिळाले. सेमिस्टरच्या पेपरात तसाच प्रश्न आला, फक्त आकडे बदललेले. पोराला फिजिक्सला केटी लागली.

आता या केटीचं काय करायचं? समोरच्या छावणीतल्या मंडळींकडे उत्तर तयार आहे: आरक्षणातून आला होता, झेपलं नाही. आपल्याकडेही एक उत्तर तयार आहे: शिक्षकाने जातीयवाद केला. खरं सांगायचं तर या प्रकरणात त्या शिक्षकाने काहीही केलं नव्हतं. तोच तर मुद्दा आहे. कुणीच काही केलं नव्हतं. पोराच्या उत्तरात आणि पुस्तकातल्या उत्तरात ०.२७ चा फरक होता, आणि तो फरक कुठून आला हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती. ती पाच मिनिटं त्याला पूर्ण सेमिस्टरभर कुणाकडूनही मिळाली नाहीत.

प्रवेशासाठी आपण लढलो. शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याणच्या दारात बसलो, आजही बसतो. वसतिगृहाच्या जेवणासाठी, स्वाधारच्या रखडलेल्या हप्त्यासाठी मोर्चे काढले. हे सगळं करायलाच हवं होतं. पण प्रवेश मिळाला, फी माफ झाली, खोली मिळाली, आणि रात्री नऊ वाजता न्यूमेरिकल अडलं, तर ते कुणाला विचारायचं? या प्रश्नावर आपल्या चळवळीने किती ठराव केले आहेत? आम्ही आठवून पाहिलं. आम्हाला एकही आठवला नाही.

मदत ही काय चीज असते ते एकदा नीट बघा. ज्या घरात आधीच्या पिढीत इंजिनिअर आहे, प्राध्यापक आहे, निदान बीएस्सी झालेली आत्या आहे, त्या घरात मदतीला मदत म्हणत नाहीत. जेवता जेवता विचारलं जातं, जेवता जेवता सांगितलं जातं. वडिलांचे मित्र कॉलेजात असतात, सोसायटीत खालच्या मजल्यावरचा दादा आयआयटीत असतो. अकरावीपासून क्लास लावलेला असतो आणि त्या क्लासमध्ये डाउट विचारायचा वेगळा तास असतो, ज्याचे वेगळे पैसे घेतलेले असतात. कॉलेजात गेल्यावर सिनियरच्या सोडवलेल्या असाइनमेंट, जुने पेपर, ‘हे सर काय विचारतात’ याची माहिती, हे सगळं आडनावांच्या आणि गावांच्या ओळखीने हातोहात सरकत जातं. यातलं काहीही कुठल्या मार्कशीटवर दिसत नाही. मार्कशीटवर फक्त ‘गुणवत्ता’ दिसते.

आणि आपल्या पोराकडे काय असतं? वडील बिगारी कामाला किंवा रिक्षावर, आई चार घरची धुणीभांडी करते. दोघांनाही पोराच्या वहीकडे बघून एवढंच कळतं की पोरगं अभ्यास करतंय. त्यांना त्याचा अभिमान असतो, आणि तो अभिमान इतका जड असतो की ‘मला येत नाही’ हे वाक्य घरात उच्चारता येत नाही. मग राहिलं कॉलेज. वर्गात शंभरावर पोरं. शिकवायला येणारे सर तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतील तेवढेच पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले, आणि इथला तास संपला की दुसऱ्या कॉलेजात पळायचं. त्या माणसाने जिन्यात थांबून आपल्या पोराला उतारावरचा ठोकळा समजावून सांगावा ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? तो बिचारा स्वतःच उतारावर आहे. वर्षानुवर्षं कायम पदं न भरणारं सरकार या गोष्टीत पहिल्या क्रमांकाचं गुन्हेगार आहे, आणि त्यावर आम्ही पूर्वीही लिहिलं आहे, पुन्हा लिहू.

पण जिथे कायम शिक्षक आहेत, सोयी आहेत, पैसा आहे, तिथे तरी काय आहे? दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करायला २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ मध्ये तिने अहवाल दिला. शिक्षकांकडून पुरेसं सहकार्य मिळत नाही, ते आपल्याला टाळतात, ही तक्रार तिथल्या आपल्या बहुतेक मुलांनी नोंदवली होती. देशातल्या सर्वात नामांकित वैद्यकीय संस्थेतली ही गोष्ट. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाला असलेला आपला एक विद्यार्थी गेला. नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सेमिस्टरची परीक्षा नुकतीच संपली होती. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या अंतर्गत समितीने ढासळत्या शैक्षणिक कामगिरीकडे बोट दाखवलं. जणू या दोन वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या गोष्टी आहेत! अहो, कामगिरी ढासळते ती कशी? अडलेलं विचारायला माणूस नसतो तेव्हा ढासळते. आणि माणूस का नसतो, हा प्रश्न तुम्ही जात बाजूला ठेवून सोडवून दाखवा.

डाउट विचारणं ही नुसती अभ्यासातली क्रिया नाही. चारचौघांत हात वर करून ‘सर, हे कळलं नाही’ म्हणायला जी हिंमत लागते ती जन्मजात नसते. ज्याच्याबद्दल वर्गाने आधीच ठरवलंय की हा हुशार आहे, त्याने प्रश्न विचारला की तो जिज्ञासू ठरतो. आपल्या पोराने तोच प्रश्न विचारला की मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. पहिल्याच आठवड्यात ‘तुझा स्कोअर किती?’ विचारून झालेलं असतं, म्हणजे कुठल्या यादीतून आलास ते विचारून झालेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने सांगितलेलं वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, “दादा, मला एक प्रश्न चुकीचा विचारायची पण परवानगी नाहीये. मी चुकले की आपली सगळी चुकतात.” फिजिक्स तर चुकीचे प्रश्न विचारत विचारतच शिकायचं असतं! ज्याला चुकायची मुभा नाही त्याने हा विषय शिकायचा कसा?

त्यात भाषा. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीचे नियम. तिथे आपली पोरं बल, जडत्व, त्वरण, संवेग हे शब्द शिकतात. चांगले शब्द आहेत, कळणारे आहेत. दहावीचा पहिला धडा गुरुत्वाकर्षण. दोन वर्षं या शब्दांशी ओळख होते, आणि अकरावी सायन्सला गेल्यावर एका जूनमध्ये हे सगळे शब्द काढून घेतले जातात. फोर्स, इनर्शिया, अॅक्सिलरेशन, मोमेंटम. पोराला मोमेंटम म्हणजे आपला जुना संवेगच, हे सांगायलासुद्धा कुणी नसतं. आम्ही विचारलेल्या कित्येक पोरांना हे एफवायला आल्यावर कळलं. इंग्रजी शाळेतल्या पोराला एक विषय शिकायचा असतो, आपल्या पोराला एकाच वेळी दोन. आणि प्रश्न विचारायचा तर तोही इंग्रजीतच विचारायचा! मनात मराठीत अडलेलं, तोंडातून इंग्रजीत काढायचं, चारचौघांत, हसू न होऊ देता. त्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त.

बाबासाहेबांच्या शाळेतली एक गोष्ट आपण भाषणांत नेहमी सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. फळ्यामागे सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचायच्या आत डबे उचलायला पोरं धावली. ही गोष्ट आपण अस्पृश्यतेचं उदाहरण म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण ती जरा थांबून ऐका. तो प्रसंग पाण्याचा नाही, देवळाचा नाही. तो फळ्याचा आहे. गणित सर्वांसमोर सोडवायला उठण्याचा आहे. आज फळ्यामागे डबे नसतात, पण फळ्यापर्यंतचं अंतर तेवढंच आहे.

विज्ञानाबद्दल बाबासाहेबांचं मत काय होतं तेही आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १९४२ मध्ये त्यांनी व्हाईसरॉयना आपल्या लोकांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचं फारसं भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, आणि ते महाग असल्याने सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे सांगतोय! आणि आपण काय करतो? बारावी सायन्सला पोरगं जरा अडखळलं की सांगतो, बाबा रे, आर्ट्सला जा, एमपीएससी कर.

एमपीएससीवरून आठवलं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये एक चांगलं काम झालं, अभ्यासिका उभ्या राहिल्या. कुठे नगरसेवकाच्या निधीतून, कुठे वर्गणीतून, कुठे विहाराच्या वरच्या मजल्यावर. पंखे, ट्यूबलाइट, पार्टिशन केलेली टेबलं, भिंतीवर बाबासाहेब. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत राहणाऱ्या पोराला बसायला जागा मिळाली. आम्ही स्वतः त्यातल्या दोन उभ्या केल्या, रंगसुद्धा स्वतः मारला. आणि दोन्हीकडे दारावर मोठ्या अक्षरांत आम्हीच पाटी लावली: शांतता राखा.

तो केटी लागलेला पोरगा आमच्याच अभ्यासिकेत बसायचा. सहा वेळा त्याने ते न्यूमेरिकल केलं ते आमच्याच टेबलावर, आमच्याच पार्टिशनमध्ये. त्याच्यापासून तीन खुर्च्या सोडून एक मुलगी बसायची, एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. पूर्ण सेमिस्टरभर दोघं एकाच छताखाली बसले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, कारण आम्ही पाटी लावली होती. हे आम्हाला कळलं तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. चोरीला गेलेलं सांगता येतं. हे आपणच कुलूप लावून ठेवलेलं.

एकट्याने अभ्यास करणं हा आपल्या समाजाने सद्गुण मानलाय. त्याला कारण आहे. बाबासाहेबांची रात्र रात्र जागून वाचणारी मूर्ती आपल्यासमोर आहे. पण या एकटेपणाची किंमत काय असते हे अमेरिकेत एकाने मोजून दाखवलंय, आणि ते आपल्याला फार जवळचं आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात युरी ट्रीसमन नावाचा गणिताचा संशोधक होता. त्याला दिसत होतं की काळे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जातात. त्याने प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं आपल्या ओळखीची आहेत: इच्छाशक्ती कमी, पाया कच्चा, घरून प्रोत्साहन नाही, गरिबी. त्याने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जवळून पाहिलं. प्राध्यापकांची कारणं टिकली नाहीत. काळे विद्यार्थी मेहनत भरपूर करत होते, पण एकेकटे. अभ्यास वेगळा, दोस्ती वेगळी. चिनी विद्यार्थी आधी एकटे सोडवायचे, मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायचे, एकमेकांच्या चुका काढायचे, प्राध्यापक पेपरात काय विचारतो तेही त्यातच कळायचं. एखादं गणित कुणालाच आलं नाही तर त्यांना कळायचं की गणितच अवघड आहे. एकट्या बसलेल्या काळ्या पोराला मात्र वाटायचं, मीच ढ आहे.

मग ट्रीसमनने काय केलं? ‘कच्च्यांसाठी जादा वर्ग’ काढला नाही. उलट, नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन गटात बसवलं. नापास होणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. हे बर्कले म्हणजे ओकलंडच्या शेजारचं गाव, आणि ओकलंड म्हणजे १९६६ मध्ये ब्लॅक पँथर जिथे जन्मली ते शहर. १९७२ मध्ये आपण तिथून पँथर हे नाव घेतलं. ही गोष्टही तिथून घ्यायला हरकत नव्हती, आणि आजही नाही.

आपल्याकडे कॉलेजात काय होतं? ‘रिमेडियल कोचिंग’. यूजीसीने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याकांसाठी ती योजना आणली. हेतू वाईट नव्हता. पण कित्येक ठिकाणी ती हजेरीपटावर आणि बिलांवर चालली. आणि जिथे खरंच वर्ग भरले तिथे नोटीस बोर्डावर जातीची यादी लावून पोरांना बोलावलं गेलं. सगळं कॉलेज घरी जाताना अमुक खोलीत बसायचं, म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. पोरं गेली नाहीत. मग अहवालात लिहिलं, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.

आता कुणी तरुण मित्र म्हणेल, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? मोबाईलवर सगळं आहे. यूट्यूबवर फुकट लेक्चर आहेत, प्रश्नाचा फोटो काढला की एआय उत्तर सोडवून देतं. देतं, आम्ही पाहिलंय, आणि त्याला आमचा विरोध नाही; मराठीतून विचारलं तर मराठीतूनही समजावतं. पण त्या पोराकडे ३.२७ हे उत्तर आधीपासून होतं, पुस्तकाच्या मागेच होतं. दुसऱ्याची वहीसुद्धा मिळाली होती. उत्तराची त्याला कमतरता नव्हती. आपण कुठे चुकतोय हे त्याला कळत नव्हतं, आणि ते कळण्यासाठी कुणीतरी त्याची वही बघायला हवी होती. मोबाईललाही स्वतःची चुकलेली वही दाखवायची असते हे सुचायला आधी आपली चूक लाजिरवाणी नाही हे कळावं लागतं. ते कळतं दुसऱ्याची चुकलेली वही पाहिल्यावर.

गेल्या वर्षी आम्ही पाटी काढली. पूर्ण नाही, वरच्या मजल्यावर शांतता ठेवली, खाली विहाराच्या सभागृहात संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ बोलायचा अभ्यास. हार्बर लाईनवरची आमची वस्ती. एक जुना फळा रंगवून घेतला, चटया होत्याच. पहिल्या दिवशी ती एमएस्सीची मुलगी आणि तो पोरगा समोरासमोर बसले. तिने उत्तर सांगितलं नाही. वही मागितली. त्याने वजन ५० न्यूटन घेतलं होतं, बरोबर. उतारावरून खाली ओढणारा भाग २५, तोही बरोबर. घर्षण काढताना ०.२ गुणिले ५०, म्हणजे १०. पंचवीसमधून दहा गेले पंधरा, भागिले पाच, तीन. ती म्हणाली, “ठोकळा उताराला किती जोराने दाबतोय?” तो म्हणाला, “पन्नास. त्याचं वजनच आहे पन्नास.” ती म्हणाली, “नक्की?” आणि दोघंही अडले.

दाराशी एक काका बसले होते. वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, तीस वर्षं गोण्या उचललेल्या. त्यांनी विचारलं, काय चाललंय. सांगितल्यावर म्हणाले, “ट्रकला फळी लावून गोणी खाली सोडतो ना आम्ही. फळी जास्त उभी केली तर गोणी फळीवर बसतच नाही, पळते. आडवी असली तर सगळा भार फळीवर.” पोरगा आकृतीकडे बघत राहिला. फळी आडवी तर पन्नास. सरळ उभी केली तर शून्य. मग तीस अंशांना पन्नास कसे असतील? त्याने पन्नास खोडला आणि पन्नास गुणिले कॉस तीस लिहिलं. ४३.३. घर्षण ८.६६. उत्तर ३.२७.

श्रमिकांच्या ज्ञानाच्या गोष्टी सांगून टाळ्या मिळवायला आम्हालाही आवडतं, म्हणून इथेच सांगून टाकतो, काकांना कॉस थीटा माहीत नव्हता आणि पेपरात फळीची गोष्ट लिहून मार्क मिळत नाहीत. काकांनी दार उघडलं, आत नेलं त्या मुलीने. दोघांपैकी एकाचा फोटो स्टेजवर लावून दुसऱ्याला विसरायचं नाही.

सगळं छान चाललंय असा दावा आम्ही करणार नाही. पहिल्या महिन्यात जेवढी पोरं यायची त्यांच्या निम्मी तिसऱ्या महिन्यात राहिली. मुली येत होत्या, पण साडेसातला त्यांच्या घरी स्वयंपाकाची वेळ; भाकऱ्या कोण थापणार हा प्रश्न फिजिक्सच्या आधी येतो. दोन घरांत आम्ही स्वतः जाऊन बोललो, एका घरात ऐकलं, एकात नाही. मातंग वस्तीतला एक मुलगा दारापर्यंत येऊन परत गेला, त्याला वाटलं विहार म्हणजे फक्त बौद्धांचं. त्याला तसं का वाटलं याचं उत्तर त्याच्याकडे मागू नका, आपल्याकडे मागा. शेजारच्या गल्लीतल्या मुस्लिम मुली आता येतात, पण त्यासाठी चार महिने लागले. आणि आमचा तो पोरगा? त्याची केटी दुसऱ्या प्रयत्नात सुटली, काठावर. काठावर म्हणजे काठावरच, उगाच फुगवून सांगत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते शिकवणारी माणसं मिळवणं. आपल्या समाजात आज इंजिनिअर कमी नाहीत. हिंजवडीत आहेत, ऐरोलीत आहेत, बंगळुरूत आहेत, न्यू जर्सीतही आहेत. ‘पे बॅक टू सोसायटी’ हे शब्द त्यांच्या तोंडी असतात आणि जयंतीला त्यांची वर्गणी येते, मोठी येते. आम्ही त्यांतल्या अनेकांना फोन केले. पैसे किती पाठवू, असं सगळ्यांनी विचारलं. शनिवारचे दोन तास द्या म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल काय बोलले ते आपण दरवर्षी ऐकवतो आणि ऐकताना प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याबद्दल आहे. काहींनी आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं, “दादा, मी आता सगळं विसरलोय, पोरांसमोर अडलो तर?” हे उत्तर आम्हाला आवडलं. ही तीच भीती, वर्गातली, पंचवीस वर्षांनंतरही तशीच. त्यांना आम्ही सांगतो, अडायलाच या. बीटेक झालेला दादा फळ्यासमोर उभा राहून ‘मला येत नाही, थांबा, बघूया’ म्हणतो, हे आमच्या पोरांनी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

कॉलेजांकडून काय हवं तेही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील यांनी व्यवस्थेला मोकळं सोडलं. रिकामी पदं कायम स्वरूपात भरा. पहिल्या वर्षाच्या फिजिक्सला, गणिताला वीस-पंचवीस मुलांच्या गटाचं ट्युटोरियल वेळापत्रकात हवं, सगळ्यांसाठी, जातीची यादी न लावता. असाइनमेंटला नुसते मार्क देऊन परत करू नका, कुठे चुकलं ते लिहा. उतरवलेल्या उत्तराला दहापैकी नऊ देणारी पद्धत ही फसवणूक आहे आणि त्यात पोरापेक्षा कॉलेज जास्त दोषी आहे. प्रश्न मराठीत विचारता येईल हे शिक्षकाने पहिल्या तासाला तोंडाने सांगावं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना तर एक रुपयाही लागत नाही. विद्यार्थी संघटनांनी या मागण्या निवेदनात घ्याव्यात. शिष्यवृत्तीच्या मागणीइतक्याच या आपल्या हक्काच्या आहेत.

औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा. उत्तरं देणारे भदंत नागसेन, त्यांचं नाव परिसराला, नागसेनवन. कॉलेजला नाव दिलं ते विचारणाऱ्याचं.

मागच्या शनिवारी आमच्याकडे बारावीच्या एका मुलीने विचारलं, कप्पीवरून दोरी टाकून दोन्ही टोकांना वजनं लावली, आणि कप्पीला स्वतःचं वस्तुमान असेल, तर दोरीच्या दोन बाजूंचा ताण वेगळा का धरायचा? दोरी तर एकच आहे ना? ऐरोलीहून आलेल्या आमच्या इंजिनिअर दादाने सूत्र लिहिलं. ती म्हणाली, “सूत्र माझ्याकडे पण आहे. का, ते सांगा.” दादा हसला, खडू खाली ठेवला आणि म्हणाला, “मला विचार करायला लागेल.” साडेनऊ वाजले. आकृती फळ्यावर तशीच ठेवली, पुसायची नाही म्हणून बाजूला खडूने लिहिलं. सोमवारी बुद्धवंदनेला आलेल्या दोन बायकांनी विचारलं हे काय काढलंय, तेव्हा त्या मुलीनेच त्यांना सांगायला सुरुवात केली, हात वर करून, कप्पी कशी फिरते ते दाखवत. विहिरीवरचा रहाट त्या दोघींनीही गावाकडे ओढलेला होता.

आज शुक्रवार. अजून ते फळ्यावर आहे. ज्यांना येतं त्यांनी या, ज्यांना येत नाही त्यांनीही या. साडेसातला.

जय भीम.